चहात बुडवलेले कॅलेंडर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर एका ताटात कोरा चहा पसरून ठेवलेला आणि त्यात नखाएवढे कागदाचे तुकडे तरंगत असलेले. आमच्या सौ. कमरेवर हात ठेवून त्या ताटाकडे बघत उभ्या होत्या. ‘‘हा कुणाचा चहा?’’ त्यांनी विचारले. आतून नातवाचा आवाज आला, ‘‘तो प्यायचा नाहीये, आजी! कॅलेंडर जुनं करतोय.’’

नातू नववीत आहे. दरवर्षी सोसायटीच्या आवारात तो मित्रांबरोबर किल्ला करतो. गेल्या वर्षी मात्र त्याने वेगळेच काम काढले होते. लालबागच्या चाळीतल्या माझ्या मामांच्या खोलीच्या गोष्टी मी घरात इतक्या वेळा सांगितल्या आहेत, की मी तोंड उघडले की बाकीचे उठून जातात. नातू तेवढा उठला नाही. त्याने ती खोलीच करायला घेतली. दहा फूट बाय बारा फुटांची खोली, एका फुटाला एक इंच या मापाने. म्हणजे दहा इंच बाय बारा इंच. पुठ्ठ्याच्या भिंती, तारेची कॉट, मोरी, रॉकेलचा स्टोव्ह हे सगळे झाले होते. उरले होते ते कागद. भिंतीवरचे कॅलेंडर, देवाची तसबीर, वर्तमानपत्र, रेशनकार्ड, पोस्टकार्डे. ते छापून, कापून तयार होते. पण कोरे करकरीत. ते जुने करण्यासाठी हा चहाचा घाट.

अशा देखाव्यांना डायोरामा म्हणतात. हा शब्द रूढ केला तो लुई दागेर या फ्रेंच गृहस्थाने. छायाचित्रणाच्या इतिहासात त्याचे नाव पहिल्या पानावर आहे. १८२२ साली त्याने पॅरिसमध्ये या नावाचे प्रेक्षागृह उघडले. तिथे भव्य पडद्यांवर प्रकाश बदलत जाई आणि लोकांना सकाळची संध्याकाळ झाल्याचा भास होई. पुढे हे नाव छोट्या त्रिमित देखाव्यांना चिकटले. आपल्याकडे भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईच्या जुन्या लोकजीवनाचे असे लहान देखावे आणि मातीच्या बाहुल्या आहेत. छंद म्हणून हे वेड जगभर पसरले ते प्लॅस्टिकच्या जोडखेळांमुळे. जपानच्या तामिया कंपनीने १९६१ साली एका जर्मन रणगाड्याची प्रतिकृती काढली. आत मोटर आणि बॅटरी मावली पाहिजे म्हणून जो आकार ठरला, तो मोजला तर मूळच्या पस्तिसाव्या भागाएवढा निघाला. आज जगभरचे छांदिष्ट तेच माप प्रमाण मानतात! १९८० साली शेपर्ड पेन या अमेरिकन कारागिराचे डायोरामा कसा करावा यावरचे पुस्तक आले आणि या मंडळींना जणू पोथीच मिळाली.

या मंडळींच्या लवकरच ध्यानात आले, की पेटीतून काढून जोडलेला रणगाडा कितीही हुबेहूब असला तरी खेळणेच वाटतो. त्याला चिखल, गंज, धूर लागला की तो खरा वाटू लागतो. यालाच ते वेदरिंग म्हणतात. मराठीत आपण एखाद्या वडीलधाऱ्याबद्दल म्हणतो, त्यांनी आपल्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत. वस्तूला ते चार पावसाळे दाखवून आणणे, असे हे काम आहे.

लोखंडाला गंज दाखवणे त्या मानाने सोपे. कागद जुना करणे फार अवघड. पहिली अडचण जाडीची. आपल्या नेहमीच्या कागदाची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर. बाराव्या भागाच्या खोलीत तो कागद टांगला, तर त्या खोलीतल्या माणसाला तो सव्वा मिलिमीटरचा पुठ्ठा वाटेल. रणगाड्यावाल्यांच्या पस्तिसाव्या भागात तर साडेतीन मिलिमीटरचा प्लायवूड! म्हणून पतंगाचा तलम कागद घ्यावा लागतो, नाहीतर छापलेला कागद पालथा ठेवून मागून पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासत पातळ करावा लागतो. दुसरी अडचण शाईची. घरच्या शाईच्या प्रिंटरवर छापलेले पाणी लागताच ओघळते. लेझर प्रिंटरवरचे टिकते. तिसरी अडचण कडांची. कात्रीने कापलेली कड पांढरी चमकते आणि सगळे पितळ उघडे पाडते. तिच्यावरून पेन्सिलीचा किंवा पातळ रंगाचा हात फिरवावा लागतो. आणि चौथी अडचण डागाची. चहाचा पाच मिलिमीटरचा एक थेंब त्या खोलीच्या मापाने सहा सेंटिमीटरचा होतो. म्हणजे कुणीतरी कॅलेंडरवर वाटी उपडी केली असावी तसा. खऱ्या थेंबाएवढा डाग हवा असेल, तर तो सगळ्यात बारीक ब्रशाच्या टोकाने टिंबासारखा द्यावा लागतो.

हे सगळे नातवाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. तरीही ताटातले कागद वाळल्यावर मला ते पटेनात. तो हिरमुसला. ‘‘का? जुने दिसतायत की!’’

दिसत होते, पण सगळे सारखेच जुने दिसत होते. कॅलेंडर, पोस्टकार्ड, रेशनकार्ड, सगळे एकाच तपकिरी रंगाचे. आणि मला बँकेतली एक जुनी घटना आठवली.

एका कर्जप्रकरणात एक गृहस्थ जमिनीचा जुना कागद तारण म्हणून घेऊन आले होते. कागद चांगला पिवळा, घड्या पडलेला, वास येणारा. मी नवीन होतो. मला तो अस्सल वाटला. आमच्या वरिष्ठांनी तो उलगडला, उजेडात धरला आणि परत माझ्यापुढे टाकला. म्हणाले, ‘‘याला कुणी वापरलंच नाहीये. नुसतं पाजलंय.’’ मग त्यांनी दाखवले. वर्षानुवर्षे घडी करून ठेवलेला कागद बाहेरच्या बाजूने काळवंडतो, आतून उजळ राहतो. हा आतबाहेर सारखाच पिवळा होता. घडीच्या रेघेवर कागद झिजतो, मऊ पडतो. इथे रेघ ताजी होती. जुन्या कागदांना टाचणी असते आणि टाचणीभोवती गंजाचे कडे. इथे भोक होते, गंज नव्हता. पुढे वकिलांकडच्या तपासणीत तो कागद बनावट ठरला.

त्या दिवशी मी जे शिकलो ते नातवाला सांगितले. जुनेपणा हा काही एक रंग नव्हे. प्रत्येक डागाला एक कारण असते आणि ते कारण बहुधा एखाद्या माणसाचे असते.

वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो, कारण तो लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या लिग्निन नावाच्या घटकावर उजेड आणि हवा काम करतात. म्हणून रद्दीच्या गठ्ठ्यातल्या अंकाच्या कडा आधी पिवळ्या होतात, पोट बराच काळ पांढरे राहते. रंगीत चित्राचे वेगळेच असते. उन्हाने त्यातला पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतात. जुन्या सलूनच्या काचेवरची केशरचनांची चित्रे आठवा, सगळी मंडळी निळसर झालेली असतात. तिथे चहाचे काहीच काम नाही. देवाच्या तसबिरीला काजळी लागते ती उदबत्तीच्या वरच्या बाजूला. स्टोव्हजवळच्या कागदाला तेलकट थर चढतो आणि त्यावर धूळ बसते. रस्त्यावरचे पोस्टर खालून फाटलेले असते, कारण मुलांचे हात तिथवर पोचतात. आणि खळीच्या वासाने गाईने ते ओढले असेल, तर गाईचे तोंड पोचते तेवढ्या उंचीपर्यंतच. पोस्टर किती फाडायचे हे ठरवण्यापूर्वी त्या गल्लीत गाय होती का, हे ठरवावे लागते.

ही दृष्टी किती गंभीर कामाला येऊ शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे. फ्रान्सेस ग्लेसनर ली ही शिकागोच्या श्रीमंत घराण्यात १८७८ साली जन्मलेली बाई. १९४०च्या दशकात तिने संशयास्पद मृत्यूंच्या जागांचे छोटे देखावे तयार केले, तेही एका फुटाला एक इंच याच मापाने. हौसेसाठी नव्हे, तर हार्वर्ड विद्यापीठात पोलिसांना शिकवण्यासाठी. तपासाला आलेल्या माणसाने खोलीत पाऊल टाकल्यावर काय बघावे, हे शिकवायचे. त्या खोल्यांत भिंतीवर कॅलेंडरे आहेत, फडताळात डब्यांवर लेबले आहेत, एका माळ्यावर जमिनीवर पसरलेली जुनी पत्रे आहेत. यातले काहीही शोभेचे नाही. कुठला कागद कुठे आणि कशा अवस्थेत पडला आहे, यावर तपासाची दिशा ठरू शकते. त्यातले अठरा देखावे आज बाल्टिमोरला, मेरीलँड राज्याच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयात आहेत. २०१७ साली वॉशिंग्टनच्या रेन्विक कलादालनात ते लोकांना दाखवण्यात आले. त्याआधी त्यांची डागडुजी झाली. आतल्या जुन्या दिव्यांच्या उष्णतेने वस्तूंना इजा होत होती, म्हणून ते काढून एलईडी दिवे बसवले. यात मोठी गंमत आहे. बाईंनी मुद्दाम दिलेला जुनेपणा जपायचा आणि काळाने नंतर दिलेला थोपवायचा. दोन्ही वेगळे ओळखू आल्याशिवाय हे काम होणार कसे?

असो. आमच्या खोलीकडे येऊ.

मी १९८१ साली बँकेत लागलो तेव्हा मामांच्या खोलीवर राहत होतो. मामा गिरणीत साचेखात्यात होते. खोलीत घरची सहा माणसे, सातवा मी. माझी झोपायची जागा गॅलरीत. माझी शाखा गिरणगावातच होती, चालत जाण्यासारखी. १८ जानेवारी १९८२, सोमवार. त्या दिवशी गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. मामा त्याच वर्षाच्या अखेरीस गावी परतले. आता मामा नाहीत, मामी नाहीत, चाळही नाही. तिच्या जागी टॉवर आहे. त्या खोलीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. चाळीतल्या भिंतींचे फोटो कोण काढणार?

नातवाने नवे कॅलेंडर छापले आणि या वेळी चहा न करता वही घेऊन माझ्यासमोर बसला. ‘‘कॅलेंडर कुठे होतं?’’ गॅलरीच्या दाराशेजारी, खिळ्याला. ‘‘ऊन कुठल्या बाजूने?’’ डावीकडून, सकाळी तासभर. ‘‘त्यावर कोण लिहायचं?’’ मामी. दुधाचा हिशेब. खिळ्यालाच सुतळीने पेन्सिल टांगलेली असे. कॅलेंडरच्या खाली ती लोंबायची आणि वाऱ्याने हलून चुन्याच्या भिंतीवर तिने करड्या रंगाची अर्धवर्तुळाकार रेघ काढली होती. ही रेघ मला चाळीस वर्षांत आठवली नव्हती.

मग त्याने विचारले, ‘‘लिहिताना पान कुठल्या हाताने धरायच्या?’’

मी डोळे मिटले. मामी मोरीतून हात पुसत येते, पेन्सिल पकडते, दुसऱ्या हाताने पानाचा खालचा कोपरा धरते. उजवा कोपरा. उजवा? मग लिहायची कुठल्या हाताने? डाव्या! मामी डावखुरी होती. जिच्या हातचे मी दीड वर्ष जेवलो, ती डावखुरी होती हे मी साफ विसरलो होतो. कागदाचा मळका कोपरा ठरवताना ती आठवण परत आली.

नातवाने पेन्सिलीची पूड आणि तेलाचे बोट घेऊन पानाचे उजवे कोपरे मळवले, ओले करून काडीभोवती किंचित वळवले. खिळ्याचे भोक ताणून फाडले. मग वर दिसणारे पान कुठल्या महिन्याचे ठेवायचे ते ठरवायचे होते. मी म्हणालो, ऑगस्ट ठेव. पाऊस, ओल, भिंतीला पोपडे दाखवता येतील. तो भिंग लावून ऑगस्टच्या चौकटींत दुधाचे आकडे लिहायला बसला. दोन तारखा झाल्यावर मी त्याला थांबवले.

ऑगस्टमध्ये दूध नव्हते. मामीने एप्रिलपासून दूध बंद केले होते. जानेवारीचा तुटपुंजा पगार संपला, थोडीफार शिल्लक संपली, तेव्हा दुधाचे भांडे पालथे झाले ते झालेच. आम्ही सगळे कोरा चहा पीत होतो. माझा बँकेचा पगार मी देऊ केला तर मामा घेत नसत. मामी गुपचूप थोडे घेई, ते किराण्यात जाई.

‘‘पण मग पान कोरंच राहील,’’ नातू म्हणाला. ‘‘लोकांना वाटेल कॅलेंडर नवीन आहे.’’

त्याचे म्हणणे बरोबर होते. दोघांनी बराच वेळ डोके लढवले. शेवटी त्याने नवे पान लावले आणि असे केले. मागे उलटलेल्या जानेवारी, फेब्रुवारी, मार्चच्या पानांचे उजवे कोपरे मळके, वळलेले. ते ऑगस्टच्या पानामागून डोकावतात. ऑगस्टचे पान ओलीने फुगलेले, स्टोव्हच्या धुराने पिवळट, पण त्याचा कोपरा स्वच्छ आणि चौकटी रिकाम्या. भिंतीवर पेन्सिलीची रेघ, खाली लोंबणारी पेन्सिल. सहज बघणाऱ्याला यातले काही कळणार नाही. पण जो दोन मिनिटे वाकून बघेल, त्याला कळेल की या घरात कुणीतरी रोज काहीतरी लिहीत होते आणि एका महिन्यापासून लिहिणे थांबले.

आता माझे म्हणणे मांडतो. आपल्याकडे जुन्या काळाची हौस सध्या फार आहे. जुन्या मुंबईची सजावट केलेली उपाहारगृहे निघतात. त्यांत भिंतीवर तपकिरी केलेली पोस्टरे, तपकिरी केलेली पत्रे, तपकिरी फोटो. गणेशोत्सवात चाळीचे, वाड्याचे देखावे होतात; तेही एक तर झगझगीत नवे, नाहीतर सरसकट एका रंगात बुडवलेले. तिथे बसून बरे वाटते, मलाही वाटते. परंतु चहात बुडवलेल्या या जुन्या काळात माणसे नसतात. कोण डावखुरे होते, कुणाचे दूध बंद झाले, कुणाच्या खिशात घामाने भिजलेले पत्रक होते, हे पुसले जाते आणि ‘तो काळ किती छान होता’ एवढेच उरते. गिरणगावाच्या बाबतीत तर हे मला सहन होत नाही. तो काळ छान नव्हता. त्यात माणसे छान होती, हे खरे.

कुणी म्हणेल, कोरा कागद मुद्दाम जुना करणे हीसुद्धा बनवाबनवीच. बँकेत आलेल्या त्या गृहस्थाने तरी वेगळे काय केले? फरक आहे. त्याच्या कागदाला खरा म्हणून खपायचे होते. दहा इंचांची खोली खरी असल्याचा दावा करतच नाही. तिचा आकारच सांगतो की मी प्रतिकृती आहे. ती एवढेच म्हणते, की तेव्हा असे होते, आणि एवढ्याच बाबतीत तिला खरे राहायचे असते. कादंबरी लिहिताना माझी धडपड याहून फार वेगळी नसते.

दुसरे कुणी म्हणेल, नववीतल्या मुलाने अभ्यास सोडून कॅलेंडरचे कोपरे मळवायचे? मला वाटते, त्या आठ दिवसांत तो जे शिकला ते शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात नाही. डाग बघितला की तो आता विचारतो, हा का पडला? मामी त्याने कधी पाहिली नाही, पण तिचा हात कुठवर पोचायचा हे त्याला ठाऊक आहे. एवढी चौकशी आपण शेजारच्या जिवंत माणसाचीही करत नाही.

म्हणून वाचकांना एक सुचवावेसे वाटते. येत्या दिवाळीत मुले किल्ला करतील, त्याच्या पायथ्याशी एखादे घरही करू द्या. खऱ्या घराचे, तुमच्या आजोळचे किंवा जुन्या भाड्याच्या खोलीचे. त्यात एक कागद लावायला सांगा आणि तो जुना करण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून यायला सांगा: तो कुठे होता, कुणाचा हात लागायचा, ऊन कुठून यायचे. चहा नंतर करा. उत्तरे देणारी माणसे घरात आहेत तोवर विचारून घ्या. मी मामीला काहीच विचारले नव्हते.

खोली आता दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे. तिच्यात आणखी एक वस्तू ठेवायची नातवाची इच्छा होती, मामांचे बँकेचे पासबुक. ते आमच्याच शाखेतले. १९८२ मधल्या त्यातल्या नोंदी माझ्याच हस्ताक्षरात होत्या. मी त्याला सांगितले, पहिली चार पाने वापरून वापरून मऊ कर, पुढची सगळी कोरी ठेव. त्याने कारण विचारले नाही. बारा मिलिमीटरचे ते पासबुक त्याने कॉटवरच्या उशीखाली सरकवले. बाहेरून दिसत नाही. ते तिथे आहे हे आम्हा दोघांना माहीत आहे.